‘शेतकऱ्याचा असूड’ आणि कामठीचा मुलूख

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ इ. स. १८८३ मध्ये लिहून पुरा झाला. एकोणिसाव्या शतकातील मराठी शेतकऱ्याच्या हालअपेष्टांचा साक्षीदार म्हणून त्याचा हवाला सर्रास दिला जातो. हा साक्षीदार कोणत्या मुलखातला, ही चौकशी मात्र क्वचितच होते. नागपूर-कामठीकडील शेतकऱ्याविषयी लिहिणारा अभ्यासकही, मराठीत तितके बोलके दुसरे साधन सापडत नाही म्हणून, ‘असूडा’तील कुळकर्णी, मामलेदार आणि कलेक्टर उचलून कन्हानच्या काठी आणून बसवतो. हे स्थलांतर कितपत युक्त आहे, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. ग्रंथाचे सामर्थ्य नेमके कशात आहे, याच्याशी तो निगडित आहे.

कामठीची वस्ती इ. स. १८२१ मध्ये इंग्रजी छावणीबरोबर उभी राहिली. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना होऊन हा भाग त्यात गेला. उत्तरेस सौसरच्या पुढे मराठी विरळ होत जाते व सातपुड्याचे रान सुरू होते. भाषेच्या आणि नांगरटीच्याही दृष्टीने हा सीमेवरचा मुलूख होता. पुणे जिल्ह्यात रयतवारी. सरकार आणि खातेदार यांच्यामध्ये जमिनीचा धनी असा तिसरा कोणी नाही. इकडे १८६० नंतरच्या बंदोबस्तात पूर्वीच्या पाटलांना व मक्तेदारांना गावाची मालकी देऊन मालगुजार करण्यात आले आणि प्रत्यक्ष कसणारा पुष्कळ ठिकाणी त्यांचे कूळ बनला. सरकारचा सारा मालगुजार भरी, कूळ मालगुजाराकडे भरी. १८७५ च्या दक्षिणेतील दंग्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या शेतकरी कायद्याचा मूळ अंमल पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता होता. कामठीच्या कुळाला जो कायदा लागला तो मध्य प्रांताचा कूळकायदा, आणि तो झाला १८८३ मध्ये, म्हणजे ‘असूड’ पुरा झाला त्याच वर्षी. एकाच वर्षाच्या या दोन लेखनांतला शेतकरी एक नव्हे.

‘असूडा’च्या चौथ्या प्रकरणात कलेक्टरसाहेबांच्या तंबूकडून संतापाने परतणारा, वाटेने स्वतःशीच बोलणारा एक शेतकरी येतो आणि त्याच्यामागून वाचक त्याच्या घरात शिरतो. सबंध ग्रंथात या प्रकरणाला तोड नाही. तिसऱ्या प्रकरणातील आर्यांच्या आगमनाचा इतिहास आजच्या वाचकाला फुल्यांच्या काळाची समजूत म्हणूनच वाचावा लागतो. चौथ्यातील घर आणि गोठा यांना अशी सवलत द्यावी लागत नाही. परंतु हाच शेतकरी कामठीचा करू पाहिला की अडचण येते. मध्य प्रांतात जिल्ह्याचा मुख्य अधिकारी कलेक्टर नव्हता, डिप्टी कमिशनर होता. ही नुसती हुद्द्याची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. कुळाचे भांडण मुळातच तंबूतल्या साहेबाशी नव्हते, ते गावातल्या वाड्याशी होते. आणि वाड्यावरून परतताना कूळ मोठ्याने बोलत आले असते, असे मानणे कठीण आहे. तीच गोष्ट चराईची. फुले जंगलखात्यावर तुटून पडतात ते गायरान व रान सरकारने आवळले म्हणून. मालगुजारी गावात पडीक जमीन व गावरान बहुतेक मालगुजाराच्या मालकीचे ठरले होते. सरपण, गवत, कुंपणाच्या काट्या यांसाठी कुळाला निस्तारहक्काचा आधार घ्यावा लागे. संताप तोच असेल, त्याचा पत्ता निराळा होता.

मग बातमीचे काय? कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यास ‘दीनबंधु’ काढले व पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालवले. शेतकऱ्याचे दुःख छापण्यासाठीच जन्मलेल्या या पत्रानेही ‘असूडा’ची पहिली दोन प्रकरणे छापून पुढची थांबवली. दंगा झाला की चौकशी बसते, दुष्काळ पडला की अहवाल निघतो. बैल मेला, वैरण संपली, पोर तापाने फणफणले, यांची बातमी होत नाही. फुल्यांनी चौथ्या प्रकरणात नेमके हेच बातमी न होणारे द्रव्य घेतले, आणि ते प्रकरण पत्रात आलेच नाही.

कामठीकडच्या सरकारी कागदांतही ही उणीव भरून निघत नाही. रिचर्ड जेंकिन्सचा नागपूर राज्यावरील अहवाल (१८२७) आणि चार्ल्स ग्रँटने संपादिलेले मध्य प्रांताचे गॅझेटियर (१८७०) ही दोन्ही मातबर साधने आहेत व त्यांच्या लेखकांच्या परिश्रमाविषयी शंका नाही. पण गॅझेटियरच्या गद्यात शहर, फौज आणि बाजार यांना जशी आकृती येते तशी शेतकऱ्याला येत नाही. तो पिकाच्या नावामागे किंवा जातीच्या नावामागे उभा असतो. या गद्याचा कर्ता अदृश्य असतो. सारा वाढतो, भाव उतरतो, पण कोणी वाढवला आणि कोणाचा उतरला, हे वाक्यात बसत नाही. फुल्यांचे वाक्य लांब, अडखळणारे, पुष्कळदा व्याकरणाची तमा न बाळगणारे असते. त्यात कर्ता मात्र कधी हरवत नाही.

तरीही ‘असूडा’चा एक भाग असा आहे की तो पुण्यापेक्षा कामठीत बसून अधिक उमगतो. पाचव्या प्रकरणातील उपायांत फुले गोऱ्या शिपायांच्या आहारासाठी येथील गाईबैल व वासरे कापली जाऊ नयेत, त्याऐवजी शेळ्यामेंढ्या माराव्यात किंवा परमुलखातून जनावरे आणावीत, असे सुचवतात. या सूचनेला पुष्कळ टीकाकारांनी धर्मभावनेच्या चर्चेत ओढले आहे. फुल्यांचा मुद्दा सरळ शेतीचा आहे: बैल गेला की नांगर थांबतो. ज्या गावांच्या शेजारी गोऱ्या पलटणी व तोफखाना वर्षानुवर्षे मुक्काम करून होता, त्या गावांसाठी ती रोजच्या हिशेबाची बाब होती. छावणीला धान्य, गवत, दूध, गाड्या लागत आणि त्यातून चार पैसे गावात येत, हे खरे. जनावरांवरचा ताणही तेथूनच येई. गंमत अशी की त्याच प्रकरणात फुले काळ्यागोऱ्या लष्कराला व पोलिसांना जागोजाग ताली व बंधारे घालण्याच्या कामी लावावे असेही सांगतात, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. छावणी हे शेतकऱ्याच्या बोकांडी बसलेले ओझे आणि तीच त्याच्या बांधावर राबू शकणारी फौज, ही दुहेरी दृष्टी त्या काळच्या शेतीविषयक मराठी लेखनात विरळा आहे. प्रत्यक्षात कवायतीच्या मैदानावरून फौज बंधाऱ्यावर गेली नाही, तो भाग निराळा.

शहराची स्थितीही पुढे पालटली. रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास आली, नंतर कामठीवरून छत्तीसगडाकडे गेली, आणि सातपुड्याकडील मालाची कामठीच्या व्यापाऱ्यांमार्फत होणारी उलाढाल आटत चालली. १८८१ च्या शिरगणतीत सुमारे ५१ हजार असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ३९ हजारांच्या आत आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ याच काळातले. पण उतरण १८९१ च्या शिरगणतीतच दिसते, तेव्हा सगळा दोष दुष्काळाच्या माथी मारता येत नाही. बाजार ओसरल्याने भोवतालच्या गावांत काय झाले, हे शिरगणती सांगत नाही.

त्यासाठी वाजिब-उल-अर्ज चाळावे लागतील. बंदोबस्ताच्या वेळी गावोगावचे रिवाज, चराई, निस्तार आणि पाण्याचे हक्क त्यांत नोंदले गेले. हे दप्तर रुक्ष आहे व त्यावर मालगुजाराच्या सोयीची छाया आहे. परंतु चौथ्या प्रकरणातील गोठा डोळ्यांपुढे ठेवून ते वाचणाऱ्याला त्यातली काटीकुंपणाची एखादी ओळही बोलकी वाटेल. ‘असूड’ पूर्ण होत असतानाच फुल्यांनी त्याचे भाग जागोजाग वाचून दाखवले, व ती ठिकाणे त्यांनी स्वतः नमूद केली आहेत: पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादी, बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. या यादीत नागपूरकडचे एकही गाव नाही.