घोटलेली शाई, घोटीव अक्षर

चिनी सुलेखनाविषयी मराठीत लिहिताना शाईच्या कांडीचे वर्णन हटकून येते. पाइनच्या लाकडाची किंवा तेलाच्या दिव्याची काजळी सरसात मळायची, लाकडी साच्यात दाबायची, महिनोन्‌महिने वाळवायची. मग लिहिणाऱ्याने दगडावर थोडे पाणी घेऊन, सहाणेवर चंदन उगाळावे तशी ती स्वतः उगाळायची. वर्णन चोख असते. त्यापुढचा निष्कर्ष मात्र दोनपैकी एका ठरलेल्या वाटेने जातो: तिकडे शाई ही साधना आणि आपल्याकडे नुसते सामान, किंवा, आपल्याकडेही अगदी तेच होते. दोन्ही वाटा सोप्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या ठिकाणी पोचतात.

आपल्याकडचा पुरावा हाताशी आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. शाळेत तो ‘सुंदर हस्ताक्षराचा उपदेश’ म्हणून भेटतो आणि तिथेच संपतो. खरे तर तो लेखनसामग्रीचा विचार करणारा मजकूर आहे. रामदास देशोदेशीचे बोरू जमवायला सांगतात, हिंगूळ आणि आळिते पारखून घ्यायला सांगतात, मसी भिजवून-वाळवून तिचा साठा करायला सांगतात. म्हणजे वाळवून ठेवलेली आणि लागेल तेव्हा ओली करायची शाई आपल्याला परकी नव्हती. साधर्म्य इथवर आहे.

फरक शाईकडून काय हवे, यात आहे. चिनी परंपरेत पाणी कमी-जास्त करून एकाच काळ्यातून अनेक छटा काढल्या जातात. शाईत पाच रंग असतात, हा विचार तिथे तांग काळापासून चालत आला आहे. कुंचल्यातली शाई संपत आली की फराट्यात कागदाचे पांढरे दिसू लागते. त्याला ‘फेइबाय’, उडते पांढरे, असे नाव आहे आणि ते गुण म्हणून वाखाणले जाते. लिहिणाऱ्याचा वेग, दम, थांबणे सारे तिथे उघडे पडते, आणि पडावे अशीच अपेक्षा असते.

रामदासांची अपेक्षा नेमकी उलट आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने उतरल्यासारखे दिसावे, काळेपण कुठे उणे होऊ नये. बोरूने लिहून पाहिलेल्या कुणालाही यातली अडचण कळेल. बोरूच्या टोकात शाई थोडीच राहते. बुडवल्यावर पहिले अक्षर गडद उमटते, चार शब्दांनी फिके पडते. हत्याराचा स्वभाव चढउताराचा, आणि मागणी एकसारखेपणाची. तेव्हा कौशल्य आहे ते बोरू कुठे बुडवला हे लपवण्यात. तारुण्यातल्या नजरेच्या जोरावर फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, असेही हाच समास बजावतो. समास सोडायला सांगतो, कागदाच्या कडा झिजतील हे धरून चालतो, पोथीला बासन, मेणकापड, पेटी, कुलूप सुचवतो. प्रत्येक सूचनेच्या टोकाशी लिहिणारा नव्हे, वाचणारा उभा आहे.

मराठी भाषेनेही हे नोंदवून ठेवले आहे. काजळ डिंकात घोटून शाई व्हायची, खळ दिलेला कागद घोटून गुळगुळीत व्हायचा, आणि अक्षरही आपण ‘घोटतो’. चांगल्या अक्षराला ‘घोटीव’ म्हणतो. चिनी सुलेखनकाराचे उगाळणे त्या दिवसाच्या लेखनापुरते असते. आपले घोटणे अंगवळणी पडून पुढे हाताचा माग पुसून टाकण्यासाठी असते. यालाही साधना म्हणता येईल, पण ती मिरवण्याची नव्हे, मागे सरण्याची.

आमच्या जबलपूरला या तुलनेचे एक जवळचे उदाहरण आहे. इथले चित्रकार ब्योहार राममनोहर सिन्हा (१९२९–२००७) शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकले, पुढे चीनला जाऊन तिथली चित्रपद्धतीही शिकले. संविधानाच्या उद्देशिकेच्या पानाची नक्षी त्यांची. त्या पानावर मधला मजकूर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या हातचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका चालीचा. कडेची नक्षी मात्र चित्रकाराची, आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात बारीक ‘राम’ ही सही. मजकूर सर्वांचा, म्हणून अक्षराने स्वतःकडे लक्ष ओढायचे नाही. नक्षीला सहीपुरती मुभा. रामदासांना ही वाटणी पटली असती असे मला वाटते.

म्हणून आपल्या पोथ्या पाहताना चिनी मोजपट्टी लावून ‘यात हाताचा जिवंतपणा नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. जिथे हात दिसत नाही, तिथेच तो सर्वांत जास्त राबलेला असतो. जुने दप्तर किंवा पोथी उघडली, तर बोरू कुठे बुडवला असेल ते शोधून पाहावे. सापडले नाही, तर लिहिणाऱ्याचे काम फत्ते झाले.