कासव, आज्ञा आणि मराठी क्रियापद

आज्ञेनुसार चालणारे यंत्र वर्गात आणून मुलांना आज्ञावलीची रचना शिकवावी, हा विचार नवा नव्हे. १९६७ साली वॉलेस फ्यूर्झाइग, सिमूर पॅपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ ही भाषा सिद्ध केली. पुढे तिच्या आज्ञेने जमिनीवर फिरणारे यांत्रिक कासव आले. पॅपर्ट यांनी १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात त्यामागील तत्त्व मांडले आहे. मूल स्वतःला कासवाच्या जागी कल्पिते, चालून पाहते आणि मग आज्ञा देते. भूमिती त्याला देहाच्या अनुभवातून उमगते. या विवेचनाचे मोल निःसंशय मोठे आहे. तथापि, आज्ञेतील शब्द मुलाच्या परिचयाचे आहेत, हे त्यात गृहीत धरलेले दिसते. मराठी वर्गात हे गृहीतक टिकत नाही.

एकच उदाहरण पाहू. ‘राइट ९०’ या आज्ञेने कासव पुढे सरकत नाही. जागच्या जागी काटकोनात वळते. या आज्ञेचा ‘उजवीकडे ९०’ असा शब्दशः अनुवाद केला, तर क्रियापदच नाहीसे होते. ‘उजवीकडे जा’ की ‘उजवीकडे वळ’? पहिला अर्थ घेणारा विद्यार्थी नव्वद हे अंतर समजतो, आणि त्याचा चौरस मोडतो. शिक्षक ही भूमितीची चूक मानतात. वस्तुतः ती अर्थाची आहे. ही संदिग्धता इंग्रजीतही आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु इंग्रजी बोलणारे मूल ती आपल्या भाषेच्या आधाराने सोडवू शकते. मराठी मुलाला तो शब्द केवळ पाठ केलेली खूण असते.

यावर असा आक्षेप येईल की, यंत्र प्रत्यक्ष वळलेले पाहून मूल आपोआप शिकेल. आज्ञालेखन शिकल्याने नियोजनाचे कौशल्य आपोआप वाढते, या अपेक्षेला रॉय पी व मिडियन कर्लंड यांच्या १९८४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुष्टी मिळाली नाही. यंत्र चूक दाखविते. चुकीचे कारण बोलण्यातूनच उलगडते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवीत, आज्ञालेखनाचे उपक्रम सुचविते. आणि तेच धोरण शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, व शक्यतो आठवीपर्यंत, मातृभाषेच्या माध्यमाचा पुरस्कार करते. या दोन सूत्रांची सांगड वर्गात कोणी घालावयाची? २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेत शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. यंत्राची किंमत अशी मोजता येते. शब्दांची सिद्धता मात्र कोणाच्याच हिशेबात नसते.

ते काम भाषाविभागांचे होय. मराठवाड्यातील शाळांत यंत्रमानव येवोत. परंतु कळ दाबण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपली आज्ञा क्रियापदासह, पूर्ण मराठी वाक्यात उच्चारावी. ‘जा’ आणि ‘वळ’ यांतील भेद ज्याला सांगता आला, त्याचा चौरस सहसा मोडणार नाही.