कोशूचें फेनिल मद्य : एक रसग्रहण

काव्यशास्त्रविनोदाच्या पानांत मद्याचें परीक्षण पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या भुंवया वर जातील, हें आम्ही जाणून आहों. मद्याचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याला तें वर्ज्य आहे त्याला तें सुखेनैव वर्ज्य राहो. प्रश्न अभिरुचीचा आहे, आणि त्या बाबतींत आमच्या हातून एक अन्याय घडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

जपानांतील यामानाशी प्रांतांत 'कोशू' नांवाचें द्राक्ष होतें. साल फिकट गुलाबी, पण मद्य जवळजवळ वर्णहीन. तेथील कात्सुनुमा गांवीं दाइझेन-जी नांवाचें बौद्ध मंदिर आहे. इ. स. ७१८ त ग्योकी नामक भिक्षूला तेथें हातीं द्राक्षांचा घोंस घेतलेल्या याकुशी न्योराईचें, म्हणजे आपल्या बौद्ध ग्रंथांतील भैषज्यगुरूचें, दर्शन झालें, अशी आख्यायिका आहे. शास्त्रज्ञांची साक्ष निराळी : या वेलींत युरोपीय द्राक्षाबरोबर पूर्व आशियांतील रानवेलीचाहि अंश आहे. इ. स. १८७७ त ताकानो व त्सुचिया हे दोन तरुण मद्यविद्या शिकण्यासाठीं यामानाशीहून फ्रान्सला गेले. ते शिकले त्र्वा येथें, म्हणजे शॅम्पेन प्रांताच्या जुन्या राजधानींत!

द्राक्ष पूर्वेचें आणि विद्या फ्रान्सची. तेव्हां तुलना ओघानेंच येते. एका स्नेह्याच्या घरीं कोशूचें फेसाळ मद्य आम्हीं प्रथम चाखलें, तें बर्फांत गारठवून, उंच निमुळत्या पेल्यांतून, आणि मनांत शॅम्पेनची आठवण धरून. 'पाणचट' असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालों. पुढें उमगलें कीं, तो निकाल समोरच्या पेल्यावर नव्हताच. जो पेला मिळाला नाहीं त्याबद्दलचा तो रुसवा होता. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांची ही जुनीच खोड. मराठी कादंबरी हातीं आली कीं आधीं थॅकरे आठवावा, तिच्यांत काय नाहीं याची यादी करावी, आणि काय आहे तें वाचावयाचें राहूनच जावें!

दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे झालों होतों. बाटली आठ ते दहा अंशांपर्यंतच थंड केली; अति गारव्यानें सुगंध मिटतो. बूच फडक्यानें घट्ट धरून बाटलीच हळूहळू फिरविली. धडाका उडविणें म्हणजे फेंस वायां घालविणें. पोटाशीं रुंद व तोंडाशीं मिटत आलेला पेला घेऊन तो तिसरा हिस्साच भरला, व थोडें थांबलों. मग प्रथम पांढऱ्या फुलांचा मंद वास आला, मागून युझू या जपानी लिंबाची आठवण. जिभेवर गोडवा नाहीं, बुडबुडे बारीक. आणि शेवटीं पपनसाच्या सालीसारखा किंचित् कडवटपणा. पहिल्या वेळीं याच कडवटपणाला आम्हीं दोष मानलें होतें. पण मीठ लावलेला तेंपुरा किंवा कच्च्या माशाची फोड खाल्ल्यावर तोच तोंड स्वच्छ करतो. मद्यांतील लोह अधिक असल्यास माशाबरोबर उग्र वास उठतो, असें जपानी संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें. कोशूच्या बाबतींत तो त्रास आम्हांस जाणवला नाहीं.

गुणांबरोबर उणीवहि सांगितली पाहिजे. मांडवावर भाराभर फळ धरलें तर रस खरोखरच पातळ उतरतो. वरून वायु भरलेल्या मद्याचा फेंस लवकर विरतो. उलट बाटलींत दुसऱ्यांदा आंबवून किण्वाच्या गाळावर फार काळ ठेवल्यास पावाचा वास फुलांवर मात करतो, आणि मग तें शॅम्पेनची नक्कल होऊं पाहतें. आमच्या मतें तेथेंच तें फसतें. जें फुलांचा वास राखतें तेंच खरें कोशू.

मोठ्या मेजवानीच्या गलबल्यांत याला न्याय मिळणार नाहीं. दोघां-चौघांनीं, जेवणाच्या आरंभीं, सावकाश घ्यावें. आमचा पहिला निकाल आम्ही येथें परत घेत आहों. त्याच सुमारास एका मराठी कादंबरीवर दिलेला दुसरा एक निकालहि फेरतपासणीस काढला आहे. त्याविषयीं पुढें केव्हां तरी.