आत्याचे वाक्य

काही वर्षांपूर्वी माझी एक कथा महाराष्ट्रातील एका दिवाळी अंकात छापून आली. कथेतील आत्या जुन्या इंदुरातली. खिडकीपाशी उभी राहून ती म्हणते, ‘पाणी पडून राहिलं आहे.’ अंक हाती आला तेव्हा ती ‘पाऊस पडतो आहे’ असे म्हणत होती. संपादकांचा हेतू चांगलाच होता; मीही आभाराचे पत्र धाडले.

मराठी समीक्षेने बोलीला मान दिला नाही, असे कोणी म्हणणार नाही. ‘बनगरवाडी’ (१९५५) माणदेशाविना आणि ‘धग’ (१९६०) वऱ्हाडीविना कल्पिता येत नाही. उद्धव शेळक्यांच्या कौतिकचे बोलणे प्रमाण मराठीत घालून पाहावे. कादंबरी तिथेच निवते. दाते-कर्वे यांनी तर ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२-३८) व., खा., गो., बे. अशा खुणा करून शब्दांची त्यांच्या मुलखासह नोंद केली. मग आत्याचेच काय बिघडले? ‘करून राहिलो’ ही धाटणी वऱ्हाडातही आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी ती बोली ठरते. होळकरशाहीत कारकुनी केलेल्या घरातील, शाळा शिकलेल्या बाईच्या तोंडी ती अशुद्ध. आपल्या समीक्षेने बोली ओळखली ती ग्रामीण म्हणून. शहराची, शिकल्यासवरल्या घराचीही बोली असते, हे तिच्या चौकटीत बसलेले नाही.

यावर हिंदीच्या संसर्गाचा आक्षेप ठरलेला. तो खराही आहे. माळव्याच्या हिंदीत ‘पानी गिरता’च. पण शपथ ‘खाणे’ आणि हवा ‘खाणे’ हे तरी कोठून आले? फारसी ‘खुर्दन’च्या वळणावरूनच. वाक्ये जोडणारा आपला ‘की’ही तिकडचाच मानतात. ज्या मिश्रणावर तीन-चार शतके लोटली ते संप्रदाय, आणि जे आपल्या आजोबांच्या हयातीत झाले ते भ्रष्ट, असा हा न्याय. शिवाय ‘बसून राहिला’ हे प्रमाण मराठीलाही चालते. इंदुराने त्या ‘राहणे’चा पैस वाढविला, एवढेच. आत्याच्या वाक्यात पावसाची संततधार आहे, तिचा कंटाळा आहे. ‘पडतो आहे’मध्ये नुसती बातमी.

बेळगावकडेही हेच. तिथे ‘खरं’ हा शब्द ‘पण’च्या जागी येतो: ‘येतो म्हणाला, खरं आला नाही.’ बाई सहज ‘मी आलो’ म्हणते. (कन्नडच्या प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद ठाऊक नाही, पण कोल्हापूरकडच्या बायाही असेच बोलतात.) कथेत तिचे ‘मी आले’ केले की व्याकरण सुधारते आणि बाई निघून जाते.

सगळेच जपावे, असे नव्हे. हाताशी मराठी शब्द असता आळसाने उचललेल्या हिंदी शब्दांची भरताड मलाही वाचवत नाही. परंतु जिथे क्रियापदाचे वळणच निराळा अर्थ देते, तिथे लेखणी चालविणाऱ्याने आधी कान द्यावा. आणि दोष एकट्या संपादकांचा कसा म्हणावा? आपल्यापैकी कित्येक जण घरात एक मराठी बोलतात आणि कागदावर पात्रांना दुसरी शिकवतात. माझ्या त्याच कथेत आत्याची इतर वाक्ये मीच, पाकीट बंद करण्यापूर्वी, बदलली होती. ते एक नजरेतून सुटले होते.