आपल्याच वाचकाला टोचणारे सदर

बातम्या चाळल्या जातात. सदर मात्र वाचले जाते. शनिवारी ‘लोकसत्ता’ हाती आला की आधी गिरीश कुबेरांचे ‘अन्यथा’, मग पहिले पान, असा क्रम कित्येक घरांत ठरून गेला आहे. त्यांच्याशी कडाडून वाद घालणारेही ते चुकवत नाहीत. वाराचा हा नेम सदराच्या कलेचा पायाच आहे. लेखकाची ओळख एका लेखात होत नाही, ती वर्षभरात मुरते.

मराठीत ही कला जुनी. 1848 मध्ये पंचविशीतल्या गोपाळ हरी देशमुखांनी मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहायला घेतली. ‘शतपत्रे’ म्हणून ती गाजली. भरली मात्र 108. पत्र छोटे, भाषा रोखठोक, आणि कोरडे ओढले ते स्वतःच्याच ब्राह्मण समाजावर, म्हणजे बहुतांशी वाचणाऱ्यांवरच. सदराची कसोटी मला आजही हीच वाटते: आपल्याच बाजूच्या वाचकाला लेखक कधी अस्वस्थ करतो का?

आजची बरीचशी राजकीय सदरे या कसोटीला उतरत नाहीत. नाव आणि विषय पाहिला की शेवट कळतो. सहमत असलेला मान डोलावतो, नसलेला पान उलटतो. विचार कुणालाच करावा लागत नाही. दोष एकट्या लेखकांचा नाही. समतोल म्हणून एक इकडचा, एक तिकडचा अशी जागा वाटून दिली की जो तो आपला गड राखत बसणारच.

विनोदी सदराची प्रकृती त्या मानाने ठणठणीत आहे. ‘सकाळ’मधले ब्रिटिश नंदींचे ‘ढिंग टांग’ घ्या. दादू आणि सदू हे दोन भाऊ फोनवर बोलू लागले की ते कोण, हे सांगावे लागत नाही. एकाचा टोमणा, दुसऱ्याचा रुसवा, आणि दोघांनाही लपवता न येणारी ओढ. राजकारणातले भाऊबंदकीचे दुखणे अशा चार वाक्यांत जेवढे उघडे पडते, तेवढे लांबलचक विश्लेषणात पडत नाही. तंबी दुराईंच्या ‘दोन फुल एक हाफ’नेही ही ताकद दाखवून दिली आहे.

मला खरी उणीव भासते ती निवांत सदराची. विजय तेंडुलकरांच्या ‘कोवळी उन्हे’ला आठवड्याच्या बातमीचा टेकू लागला नाही. गोविंद तळवलकरांनी ‘वाचता वाचता’मधून इंग्रजी ग्रंथांचे जग मराठी घरात आणले, आणि तेही वाचकाला समजेल की नाही अशी शंका न घेता. आता विषय ताज्या घडामोडीला चिकटलेला हवा आणि मुदत बहुधा वर्षाचीच. लेखणी बसू लागते तोच डिसेंबर येतो आणि निरोपाचा लेख छापून होतो. सूर सापडलेल्या लेखकाला संपादकांनी चार-पाच वर्षे त्याच वारी, त्याच जागी लिहू द्यावे, आणि विषय त्याचा त्याला निवडू द्यावा.