शाळेतला खतखड्डा : उपक्रम की प्रयोग?

'कंपोस्ट खत तयार करणे' हा उपक्रम आज बहुतेक शाळांच्या वार्षिक नियोजनात आढळतो. सर्व इयत्तांना पर्यावरण शिक्षण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिला, तेव्हापासून प्रकल्पवहीत त्याला हक्काची जागा मिळाली. हेतू चांगलाच आहे. परंतु उपक्रमाच्या रूढ स्वरूपाबद्दल आमची तक्रार आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या उदाहरणाने ती मांडतो.

रूढ धडा असा असतो : ओल्या कचऱ्याचा एक डबा, सुक्याचा दुसरा, ओला कचरा खड्ड्यात टाका, खत होईल. हा धडा शहरातल्या इमारतींसाठी तयार झाला. खेड्यात भाजीची देठे गोठ्यात जातात. शेण, केर आणि चुलीतली राख उकिरड्यावर. उकिरडा ही खत करण्याचीच जुनी व्यवस्था आहे. ती रोज पाहणाऱ्या मुलांना आपण 'ओला कचरा म्हणजे काय' हे शिकवतो. त्यातून मुलांचा समज होतो, की घरचा उकिरडा म्हणजे घाण आणि शाळेतला खड्डा म्हणजे विज्ञान.

इतिहास याच्या उलट आहे. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत विकसित केलेली 'इंदूर पद्धत' १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख हेच घटक होते. या जोडीने त्यांचे प्रमाण ठरवले, ढीग केव्हा उलथायचा ते ठरवले आणि सुमारे तीन महिन्यांत खत मिळवले. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताओ पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात, कमी शेणात खत करण्याची 'नाडेप' पद्धत दिली. उकिरड्याला मोजमापाची जोड मिळाली, तेव्हा त्याचे शास्त्र झाले. आपल्या उपक्रमातून नेमके हे मोजमापच गळले आहे.

आता या दोन तालुक्यांचे खरे प्रश्न पाहू. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस उभा आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. तोडणीनंतर शेतात पाचट उरते आणि ते अनेकदा पेटवले जाते. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत भात-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात. दोन्हीकडे सेंद्रिय पदार्थ जळतात, पण कारणे वेगळी आहेत. पाचट लवकर कुजत नाही आणि मशागतीला अडते. राब भाजल्याने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेतून पालाश मिळते. मात्र बराचसा नत्र धुराबरोबर जातो. 'जाळणे वाईट' एवढे फलकावर लिहून शाळेने मोकळे होऊ नये. राब भाजणाऱ्या आजीची कारणे मुलांनी विचारून घ्यावीत आणि त्यांचा हिशोब वर्गात मांडावा. शाश्वततेचा विचार इथून सुरू होतो.

पाचट का कुजत नाही, हा तर सुरेख प्रयोग आहे. कुजवणाऱ्या जीवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण २५ ते ३० : १ या प्रमाणात मानवतात. पाचटात हे प्रमाण शंभराच्या घरात जाते. शेणात ते बरेच कमी असते. म्हणून दोन ढीग करावेत : एक नुसत्या पाचटाचा, दुसरा पाचट, शेण व थोडी माती यांचा. दोन्ही सारखेच ओले ठेवावेत. प्रत्येक ढीग निदान एक मीटर लांब, रुंद व उंच हवा. लहान ढिगातली उष्णता टिकत नाही. प्रयोगशाळेतला तापमापक रोज ठरल्या वेळी हातभर आत खुपसून नोंद करावी. शेणाचा ढीग चांगला जमला, तर पारा ५५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. ही उष्णता जीवाणूंच्या श्वसनाची. ढिगातला थोडा माल झाकणबंद बरणीत चुन्याच्या निवळीजवळ ठेवला, तर निवळी दुधाळ होते. अखेरीस ढिगाचे वजन का घटले, हे कोडे मग मुले स्वतः सोडवतात. तयार आणि कच्च्या खतात मेथीचे दाणे पेरून शेवटची परीक्षा घ्यावी.

दोन सूचना याच भागासाठी. पहिली वेळेची. उपक्रमाचा मुहूर्त बहुधा ५ जून, पर्यावरण दिनाचा. तेव्हा शाळा उघडलेल्या नसतात आणि पुढे पावसात खड्डे पाण्याने भरतात. हवा संपली, की कुजण्याची जागा सडणे घेते आणि दुर्गंधी सुटते. पावसाळ्यात जमिनीवरच ढीग रचावा, असे इंदूर पद्धतीतही सांगितले आहे. शाळेने ऊसतोडणीच्या हंगामात, दिवाळीनंतर ढीग रचला, तर उन्हाळी सुटीआधी निष्कर्ष हाती येतात.

दुसरी सूचना सुरक्षिततेची. पोषण आहारातली उरलेली खिचडी उघड्या खड्ड्यात टाकू नये. ती कुत्र्यांना बोलावते आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. शेजारच्या अकोले तालुक्यातील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्यांच्या भक्ष्यात पाळीव जनावरांचा, त्यातही कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र असलेल्या जुन्नर तालुक्यात हे वेगळे समजावून सांगायला नको. शहरातल्या सूचनापत्रकात मात्र हा मुद्दा असणार नाही.

शाळेने किती किलो खत केले, हे विचारणे आता थांबवावे. शेतकऱ्याच्या घरी त्याहून जास्त खत असते. तापमानाची वही किती दिवस भरली आणि तिच्यातला कोणता आकडा मुलांनी घरी सांगितला, हे विचारावे. त्या आकड्यांमुळे एखाद्या घरी पाचट पेटवण्याआधी चर्चा झाली, तर उपक्रम यशस्वी झाला असे आम्ही मानू.