सेलेनियमच्या मार्गदर्शक लेखनाचे एकीकरण

संकेतस्थळांच्या चाचणीसाठी २००४ साली निर्माण झालेल्या ‘सेलेनियम’ला २००९ मध्ये ‘वेबड्रायव्हर’ची जोड मिळाली, आणि मार्गदर्शक लेखनात द्विरुक्तीचा प्रश्न उभा राहिला. आजच्या एकत्रित लेखनात विवेचन एकच असून उदाहरणे मात्र जावा, पायथन आदी भाषांनुसार निरनिराळी आहेत. ही योजना ग्राह्य वाटते. द्विरुक्ती निरुपद्रवी नसते: पायथनमधील ‘फाइंड_एलिमेंट_बाय_आयडी’ ही आज्ञा २०२२ मध्ये ४.३ या आवृत्तीत वगळली गेली. जुन्या प्रतीवर विसंबणाऱ्याची चाचणी आरंभीच कोसळते, आणि बिचारा विद्यार्थी दोष देतो तो स्वतःच्या आकलनाला! कालबाह्य घटकांचे विवेचन पुसून न टाकता वेगळ्या विभागात राखले, हे योग्यच झाले. जुन्या चाचण्या वाचणारास त्याचाच आधार आहे. परंतु कोणती आज्ञा कोणत्या आवृत्तीत लोपली, ही नोंद त्या त्या उदाहरणाशेजारीच हवी.